जुन्या डिस्कवरील जुन्या नोंदी : रेड ० उभारण्यापूर्वीची सफाई

दोन किंवा अधिक डिस्क जोडून संगणकापुढे एकच मोठी, वेगवान डिस्क उभी करण्याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे स्ट्रायपिंग, म्हणजेच रेड ०. लिहायच्या माहितीचे ठरावीक मापाचे तुकडे पाडले जातात. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर जातो, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, तिसरा पुन्हा पहिल्यावर. या तुकड्याला चंक म्हणतात. लिनक्सच्या एमडी यंत्रणेत वेगळे काही सांगितले नाही तर आज चंकचे माप ५१२ किलोबाइट असते. पूर्वी ते ६४ किलोबाइट असे. या मापाने १० मेगाबाइटच्या फाइलचे २० तुकडे होतात आणि दोन डिस्कच्या संचात प्रत्येकीच्या वाट्याला दहा येतात. दोन्ही डिस्क एकाच वेळी राबत असल्याने सलग वाचन-लेखनाचा वेग जवळजवळ दुप्पट मिळतो.

हा वेग फुकट मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची कल्पना मांडली. त्या निबंधात १ ते ५ असे पाच स्तर होते आणि प्रत्येकात एखादी डिस्क गेली तरी माहिती वाचावी यासाठी काही ना काही जादा साठवण होती. नुसत्या स्ट्रायपिंगमध्ये तशी तजवीज काहीच नाही, म्हणून त्याला पुढे शून्य हा क्रमांक मिळाला. एक डिस्क वर्षभरात निकामी होण्याची शक्यता ३ टक्के धरली, तर दोन डिस्कचा रेड ० कोसळण्याची शक्यता ५.९ टक्के होते आणि चार डिस्कचा संच घेतला तर ११.५ टक्के. एका डिस्कचे तुकडे गेले की दुसरीवरचे तुकडे जवळपास निरुपयोगी ठरतात. त्यामुळे असा संच उभारताना पायाच गोंधळाचा असेल, तर नंतर सावरून घ्यायला त्यात जागा नसते.

पायातला गोंधळ बहुतेक वेळा येतो तो डिस्कच्या पूर्वायुष्यातून. नव्या संचासाठी घेतलेल्या डिस्क नव्याकोऱ्या असतातच असे नाही. काही जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या असतात, काही घरगुती नॅस पेटीतून, काही सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून. फॉरमॅट केली की डिस्क कोरी झाली, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. डिस्कवर कुणाची सत्ता आहे हे सांगणाऱ्या छोट्या छोट्या नोंदी तिच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत शिल्लक राहतात. जमिनीचा ताबा बदलला तरी सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव राहावे, तसा हा प्रकार आहे. या नोंदींना एकत्रितपणे मेटाडेटा म्हणतात.

मुळात रेड ० ला मेटाडेटा लागतो कशासाठी? तत्त्वतः फार थोड्यासाठी. डिस्क कोणत्या, त्यांचा क्रम काय आणि चंकचे माप किती, एवढे कळले की तुकडे पुन्हा जुळवता येतात. लिनक्समध्ये आजही डिस्कवर एकही नोंद न ठेवता असा संच चालवता येतो. मात्र मग तो क्रम दर वेळी बाहेरून सांगावा लागतो. गाडे अडते ते इथेच. एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावे संगणक सुरू होताना ज्या क्रमाने उपकरणे सापडतील त्या क्रमाने मिळतात. केबल दुसऱ्या खाचेत लावली, एखादी यूएसबी डिस्क आधी जागी झाली, तर काल एसडीबी असलेली डिस्क आज एसडीसी होते. क्रम चुकला की रेड ० मधला मजकूर म्हणजे कापून उलटसुलट रचलेले वर्तमानपत्र. म्हणून प्रत्येक सदस्य डिस्कवरच एक छोटी नोंद लिहिली जाते. तिला सुपरब्लॉक म्हणतात. तिच्यात संचाचा एकमेव ओळखक्रमांक, संचाचे नाव, रेडचा स्तर, एकूण डिस्क किती, त्यांत ही कितवी, चंकचे माप, प्रत्यक्ष माहिती डिस्कवर कुठून सुरू होते आणि नोंद अस्सल असल्याची पडताळणीची बेरीज, इतके तपशील असतात.

या नोंदीत एखादा तपशील नसला तर काय होते याचा एक धडा लिनक्सच्या इतिहासातच आहे. असमान आकाराच्या डिस्क घेऊन रेड ० केला की लहान डिस्क भरल्यानंतर उरलेल्या जागेत तुकडे फक्त मोठ्या डिस्कवर वाटले जातात. कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत ही वाटणी करण्याची रीत नकळत बदलली. सुपरब्लॉकमध्ये रीत कोणती हे नोंदवायची सोयच नव्हती, त्यामुळे जुना संच नव्या कर्नलने उघडला तर उरलेल्या भागातली माहिती चुकीच्या जागी शोधली जाई. २०१९ मध्ये ही चूक लक्षात आली आणि ५.४ आवृत्तीपासून असा असमान संच, रीत कोणती हे स्पष्ट सांगितल्याखेरीज, कर्नल उघडेनासा झाला. काही बाइटांची नोंद किती मोलाची असते, ते यावरून ध्यानात यावे. जी नोंद असायला हवी ती नसण्यात जेवढा धोका, तेवढाच नको असलेली नोंद शिल्लक असण्यातही आहे.

नोंदी डिस्कवर नेमक्या कुठे बसतात, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सफाई फसते ती बहुधा याच माहितीअभावी. लिनक्सच्या एमडी यंत्रणेचाच सुपरब्लॉक चार निरनिराळ्या ठिकाणी असू शकतो. ०.९० हे जुने स्वरूप डिस्कच्या शेवटापासून ६४ ते १२८ किलोबाइट अलीकडे बसते. १.० हे स्वरूपही शेवटीच, पण अगदी टोकाला, ८ ते १२ किलोबाइट अलीकडे असते. १.१ डिस्कच्या पहिल्याच बाइटापासून सुरू होते. आणि आज आपोआप निवडले जाणारे १.२ हे स्वरूप सुरुवातीपासून ४ किलोबाइट सोडून लिहिले जाते. चारही स्वरूपांची ओळखखूण मात्र एकच : सोळाच्या पायातली ए९२बी४ईएफसी ही संख्या. कर्नल किंवा एखादे साधन ठरलेल्या जागी ही संख्या शोधते. ती सापडली की डिस्क रेडची सदस्य मानली जाते.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. बाजारात ४ टेराबाइट म्हणून मिळणाऱ्या डिस्कवर ५१२ बाइटांचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. तिच्यावर ०.९० स्वरूपाचा सुपरब्लॉक असेल तर तो ७,८१,४०,३६,९९२ व्या सेक्टरवर सापडेल, म्हणजे टोकापासून ८८ किलोबाइट आत. डिस्कच्या सुरुवातीचे शंभर मेगाबाइट काय, शंभर गिगाबाइट शून्यांनी भरले तरी ही नोंद जागची हलत नाही.

इतर यंत्रणांच्या खोडी वेगळ्या. ईएक्सटी४ फाइल सिस्टिमची खूण सुरुवातीपासून १,०८० व्या बाइटवर असते, अवघ्या दोन बाइटांची. एक्सएफएसची खूण पहिल्याच चार बाइटांत असते. एलव्हीएम आपले ‘लेबलवन’ हे आठ अक्षरांचे लेबल पहिल्या चारपैकी एका सेक्टरवर, बहुधा दुसऱ्यावर, ठेवते. स्वॅपची खूण पहिल्या ४ किलोबाइटांच्या पानाच्या अगदी शेवटी बसते. बीटीआरएफएस ६४ किलोबाइट सोडून मुख्य नोंद लिहिते आणि तिच्या प्रती ६४ मेगाबाइट व २५६ गिगाबाइटवर ठेवते. झेडएफएस सर्वांत चिवट : २५६ किलोबाइटांची चार लेबले, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. जीपीटी पार्टिशन तक्ता डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरपासून सुरू होतो आणि त्याची राखीव प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांत असते. इंटेलच्या मदरबोर्डवरील रेडची नोंद शेवटून दुसऱ्या सेक्टरवर, तर अनेक हार्डवेअर कंट्रोलर वापरतात त्या डीडीएफ या प्रमाणित स्वरूपाची मूळ नोंद थेट शेवटच्या सेक्टरवर. विंडोजच्या डायनॅमिक डिस्कचा तपशील, तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा असेल तर, शेवटच्या एका मेगाबाइटात.

थोडक्यात, डिस्कची दोन्ही टोके गजबजलेली असतात. त्यातही एकाच डिस्कवर दोन-तीन यंत्रणांच्या खुणा एकमेकींना धक्का न लावता सुखाने नांदू शकतात, कारण प्रत्येकीची जागा वेगळी. नवी यंत्रणा स्वतःची नोंद लिहिते तेव्हा फक्त स्वतःच्या जागेवर लिहिते. दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे याची चौकशी ती करीलच असे नाही.

अशा उरलेल्या नोंदीचा उपद्रव अनेक प्रकारे जाणवतो. सर्वांत सौम्य प्रकारात नवा संच तयारच होत नाही. लिनक्समध्ये संगणक सुरू होताना यूडेव्ह ही यंत्रणा प्रत्येक डिस्कची तपासणी करते. रेडची खूण दिसली की ती संच जुळवायला घेते. दोनपैकी एकच जुनी सदस्य डिस्क हाताशी असली तरी तिला ताब्यात घेऊन दुसरीची वाट पाहत बसते. असा अर्धवट, निष्क्रिय संच बहुधा एमडी१२७ या नावाने दिसतो, कारण बाहेरून आलेल्या अनोळखी संचांना १२७ पासून खाली उतरत क्रमांक दिले जातात. आता या डिस्कवर नवा रेड ० करायला गेले की उपकरण व्यग्र असल्याचा संदेश येतो. डिस्कवर एकही पार्टिशन माउंट केलेले नसताना ती व्यग्र कशी, या कोड्यात नवखा माणूस बराच वेळ घालवतो. उत्तर कर्नलच्या एमडीस्टॅट या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेले असते.

दुसरा प्रकार इन्स्टॉलेशनच्या वेळचा. रेड हॅट घराण्यातील लिनक्सचा इन्स्टॉलर एखादी डिस्क यादीतच दाखवत नाही आणि तिच्यावर बायोस रेडचा मेटाडेटा आहे पण ती कोणत्याही ज्ञात संचाचा भाग नाही, म्हणून दुर्लक्ष करत आहोत, अशा आशयाची नोंद लॉगमध्ये करतो. कधीकाळी मदरबोर्डच्या मेनूत रेड चालू करून पाहिला आणि नंतर बंद केला, एवढेही त्याला पुरते. बंद केल्याने मदरबोर्ड ती नोंद वाचणे थांबवतो. डिस्कवरची नोंद पुसली जात नाही.

तिसरा प्रकार कपटी आहे, कारण सगळे सुरळीत चालल्यावर तो उद्भवतो. पूर्ण डिस्क, म्हणजे पार्टिशन न करता, रेड ० मध्ये घेतली जाते. १.२ स्वरूपाचा सुपरब्लॉक ४ किलोबाइटवर लिहिला जातो. याआधी त्याच डिस्कवर जीपीटी तक्ता होता. त्याची पुढची प्रत नव्या संचाने किंवा अर्धवट सफाईने मोडली, पण शेवटच्या ३३ सेक्टरांतली राखीव प्रत जशीच्या तशी राहिली. काही मदरबोर्डांचे यूईएफआय फर्मवेअर सुरू होताना अशी डिस्क पाहते, मुख्य तक्ता बिघडलेला आणि राखीव प्रत शाबूत आहे असे मानते आणि न विचारता मुख्य तक्ता दुरुस्त करते. जीपीटीच्या नोंदी १,०२४ व्या बाइटापासून १७,४०८ व्या बाइटापर्यंत पसरतात. सुपरब्लॉकची ४,०९६ ही जागा नेमकी याच पट्ट्यात येते. परोपकाराच्या एका फटक्यात सुपरब्लॉक पुसला जातो, तोही बहुधा सगळ्या डिस्कवर एकदम, आणि पुढच्या वेळी संच उठतच नाही. प्रत्यक्ष माहिती मात्र बरीच पुढून, मोठ्या डिस्कवर शंभराहून अधिक मेगाबाइटांपासून सुरू होत असल्याने तिला धक्का लागलेला नसतो. क्रम, चंक आणि माहितीची सुरुवात हे तीन तपशील कुठे लिहून ठेवलेले असतील तर तेच देऊन सुपरब्लॉक पुन्हा लिहिता येतो. नसतील तर अंदाज बांधत बसावे लागते. पूर्ण डिस्कऐवजी डिस्कवर एक पार्टिशन करून ते संचात घ्यावे, असा सल्ला जाणकार देतात त्यामागे हे मोठे कारण आहे. तक्ता खरा आणि जिवंत असला की फर्मवेअरला दुरुस्त करण्यासारखे काही सापडत नाही.

०.९० स्वरूपाची आणखी एक जुनी अडचण सांगण्यासारखी आहे. डिस्कवरचे शेवटचे पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत गेलेले असेल, तर पार्टिशनच्या शेवटी लिहिलेला सुपरब्लॉक पूर्ण डिस्कच्याही शेवटी असल्यासारखा दिसतो. मग सदस्य कोण, डिस्क की पार्टिशन, हे नुसत्या त्या नोंदीवरून ठरवता येत नाही. १.० आणि पुढच्या स्वरूपांत नोंदीतच तिची जागा व उपकरणाचा आकार लिहिला जातो, त्यामुळे हा घोळ मिटला.

आता सफाईकडे. पहिली पायरी पुसण्याची नाही, ओळखण्याची आहे. डिस्कचे नाव विश्वासार्ह नाही हे वर आलेच. म्हणून एलएसबीएलके या आज्ञेला आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक दाखवायला सांगून तो अनुक्रमांक डिस्कवर चिकटवलेल्या लेबलाशी ताडून पाहावा. एकाच मॉडेलच्या चार डिस्क असतात तेव्हा हाच एक आधार असतो. शक्य असेल तर ज्यांना हात लावायचा नाही अशा डिस्कची केबल काढून ठेवणे सर्वांत निर्धोक. त्यानंतर वाइपएफएस ही आज्ञा कोणताही पर्याय न देता चालवली तर ती काहीही न पुसता डिस्कवर सापडलेल्या खुणांची यादी त्यांच्या जागांसह दाखवते. एमडीचे संच सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या साधनाचा ‘एक्झामिन’ हा पर्याय सुपरब्लॉकमधला सगळा तपशील वाचून दाखवतो. हा मजकूर दुसऱ्या संगणकावर जपून ठेवावा. चुकीची डिस्क पुसली गेल्याचे नंतर लक्षात आले, तर परतीचा रस्ता त्या दहा-पंधरा ओळींतूनच जातो.

दुसरी पायरी म्हणजे जुन्या यंत्रणेची पकड सोडवणे. माउंट असलेले पार्टिशन अनमाउंट करावे, स्वॅप बंद करावा, एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करावा आणि एमडीचा संच एमडीएडीएमच्या ‘स्टॉप’ पर्यायाने थांबवावा. हे न करता जबरदस्तीने पुसले तर कर्नलच्या स्मृतीत जुना संच जिवंतच असतो आणि तो आपली नोंद पुन्हा डिस्कवर लिहूही शकतो. संच थांबवण्याआधी त्यातली माहिती खरोखरच नको आहे ना, हे पाहण्याची शेवटची सोयीची वेळ हीच.

त्यानंतरचा क्रम आतून बाहेर असा हवा, आणि नेमका हाच क्रम सर्वाधिक वेळा उलटा केला जातो. पार्टिशनच्या आतल्या खुणा आधी पुसाव्यात, पार्टिशन तक्ता शेवटी. तक्ता आधी पुसला की आतली पार्टिशन दिसेनाशी होतात, पण त्यांच्या आतल्या खुणा जागच्या जागी राहतात. आजकालची जवळजवळ सगळी साधने पहिले पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर १ मेगाबाइटवर सुरू करतात. त्यामुळे नवा तक्ता लिहून नवे पार्टिशन केले की ते जुन्याच जागी उघडते आणि मेलेली समजलेली फाइल सिस्टिम किंवा रेडची सदस्यता तिथे पुन्हा उभी राहते. एफडिस्क हा पार्टिशन करणारा प्रोग्राम आता अशा वेळी नव्या पार्टिशनमध्ये अमुक खूण सापडली, ती काढायची का, असे विचारतो. तो प्रश्न घाईत नाकारू नये.

प्रत्येक यंत्रणेची नोंद शक्यतो त्याच यंत्रणेच्या साधनाने पुसावी. एमडीसाठी एमडीएडीएमचा ‘झिरो-सुपरब्लॉक’ हा पर्याय आहे. तो चारही स्वरूपांच्या जागा जाणतो आणि सापडलेला सुपरब्लॉक शून्यांनी भरतो. जुन्या आणि नव्या अशा दोन स्वरूपांचे सुपरब्लॉक एकाच डिस्कवर असण्याची शक्यता असते, म्हणून काहीच सापडले नाही असे उत्तर येईपर्यंत तपासणी पुन्हा करावी. एलव्हीएमसाठी पीव्हीरिमूव्ह आहे, झेडएफएससाठी झेडपूलचा ‘लेबलक्लिअर’. झेडएफएसला पूर्ण डिस्क दिली असली तरी लिनक्सवर ते स्वतः पहिले आणि नववे अशी दोन पार्टिशन पाडते. लेबले पहिल्यात असतात, तेव्हा आज्ञाही त्या पार्टिशनवर चालवावी लागते. जीपीटीच्या दोन्ही प्रती एकदम घालवण्यासाठी एसजीडिस्कचा ‘झॅप-ऑल’ पर्याय उत्तम.

वाइपएफएस हे साधन या सगळ्यांवरचा सामाईक उपाय मानले जाते आणि बहुतेक वेळा ते पुरेही पडते. ‘ऑल’ पर्याय दिला की ओळखता आलेल्या सगळ्या खुणा ते पुसते. परंतु पुसते फक्त खूण. ईएक्सटी४ च्या बाबतीत तर दोनच बाइट. फाइली, त्यांची यादी, बाकीचा सुपरब्लॉक, सारे तसेच राहते. यात एक सोयही दडलेली आहे. ‘बॅकअप’ हा पर्याय जोडला तर पुसलेले बाइट त्यांच्या जागेसह वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये छोट्या फाइलींत साठवले जातात आणि चूक झाली तर परत लिहिता येतात. इतक्या स्वस्तात मिळणारा विमा न घेण्याचे काहीच कारण नाही. पूर्ण डिस्कवर चालवलेली वाइपएफएस आज्ञा त्या डिस्कच्या पार्टिशनांच्या आत डोकावत नाही, हे मात्र ध्यानात असावे. प्रत्येक पार्टिशनवर ती वेगळी चालवायची आणि मग डिस्कवर.

जुन्या पद्धतीचे लोक डीडी ही आज्ञा वापरून डिस्कच्या सुरुवातीला काही मेगाबाइट शून्ये ओततात. शेवटच्या टोकाचे काय, हा प्रश्न त्यांतल्या पुष्कळांना पडत नाही. डीडीनेच करायचे असेल तर दोन्ही टोके घ्यावीत. वरच्या ४ टेराबाइटच्या डिस्कवर शेवटचे १० मेगाबाइट म्हणजे २०,४८० सेक्टर. एकूण सेक्टरांतून ते वजा करून ७,८१,४०,१६,६८८ व्या सेक्टरपासून लिहायला सुरुवात करावी लागेल. अशा आकडेमोडीत एक शून्य इकडेतिकडे झाले तर डीडी तक्रार करत नाही. ज्याला खुणा समजतात असे साधन उपलब्ध असताना डीडीकडे वळणे म्हणूनच फारसे शहाणपणाचे नाही. ज्या नोंदी कोणत्याच साधनाला ओळखता येत नाहीत, तिथेच त्याचा खरा उपयोग.

विंडोजवर हे काम डिस्कपार्टची ‘क्लीन’ ही आज्ञा करते. ती पार्टिशनची माहिती घालवते. ‘क्लीन ऑल’ मात्र प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते. डायनॅमिक डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यापुढे ‘फॉरेन’ असा शेरा दिसतो. हाच शब्द हार्डवेअर रेड कंट्रोलरही वापरतात. मेगारेड घराण्यातील कंट्रोलरला दुसऱ्या यंत्रातली डिस्क जोडली की तो तिच्यावरची रचना ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणून जाहीर करतो आणि दोन पर्याय देतो : आयात करा किंवा पुसा. या ठिकाणी पुसण्याचे काम कंट्रोलरच्याच मेनूतून करावे. कंट्रोलर डिस्कचा शेवटचा भाग स्वतःसाठी राखून ऑपरेटिंग सिस्टिमपासून लपवतो, त्यामुळे वरून कितीही घासले तरी ती जागा हाती लागत नाही. डिस्क कंट्रोलरमधून आधीच काढून साध्या पोर्टला जोडली असेल तर अडचण राहत नाही. शेवटचा सेक्टर आता दिसतो आणि वाइपएफएस तिथली डीडीएफ खूण पकडते.

मेटाडेटा पुसणे आणि माहिती नष्ट करणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. वरच्या सगळ्या सोपस्कारांनंतरही जुन्या फाइलींचे बाइट डिस्कवर असतात आणि पुनर्प्राप्तीच्या साधनांना ते वाचता येतात. स्वतःच्याच डिस्क स्वतःच पुन्हा वापरायच्या असतील तर त्याने काही बिघडत नाही. डिस्क दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर प्रत्येक सेक्टर पुसायला हवा, आणि ४ टेराबाइटच्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला १८० मेगाबाइट या वेगाने त्याला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. एसएसडीवर शून्ये ओतण्यापेक्षा उत्पादकाने दिलेली सिक्युअर इरेजची सोय वापरणे बरे. ती जलद असते आणि वापरातून बाजूला ठेवलेल्या पेशींपर्यंतही पोहोचण्यासाठीच केलेली असते. या भेदाला ठळक अपवाद आहे तो एलयूकेएस पद्धतीने कूटबद्ध केलेल्या डिस्कचा. तिथे मजकूर उघडण्याची किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्येच कुलूपबंद असते. किल्ल्यांचे कप्पे पुसले आणि हेडरची प्रत कुठे ठेवलेली नसली, की उरलेले टेराबाइट नुसता कचरा ठरतात. इथे मेटाडेटा पुसणे म्हणजेच माहिती नष्ट करणे. बॅकअपची खातरजमा न करता त्याला हात लावू नये.

सफाई झाली की पडताळणी. कर्नलला डिस्कचा तक्ता पुन्हा वाचायला लावावा, किंवा सरळ संगणक एकदा बंद करून सुरू करावा. यूडेव्हच्या जुन्या आठवणी त्यानेच खात्रीने जातात. मग वाइपएफएस काहीच छापत नाही, एमडीएडीएम सुपरब्लॉक सापडला नाही म्हणतो आणि एमडीस्टॅटमध्ये कोणताही भटका संच दिसत नाही, अशा तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. यानंतर प्रत्येक डिस्कवर जीपीटी तक्ता आणि एकाच आकाराचे एकेक पार्टिशन करावे. शेवटी थोडी जागा, शंभरेक मेगाबाइट, मोकळी सोडली तर पुढे किंचित लहान डिस्क बदलून घेण्याची वेळ आली तरी अडत नाही. मग एमडीएडीएमला स्तर शून्य, सदस्य दोन आणि हवे ते चंकचे माप सांगून संच तयार करावा. या वेळी ते साधन, अमुक पार्टिशन आधीच्या रेडचा भाग दिसते, पुढे जायचे का, असे विचारू लागले तर सफाई अपुरी राहिली आहे. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे शक्य असते, बहुधा संच तयारही होतो. पण दुसऱ्या टोकाला जे काही राहिले ते तसेच राहते. ‘नाही’ म्हणून मागे फिरावे आणि ती खूण शोधावी.

एक जागा डिस्कच्या बाहेरची आहे आणि ती हमखास विसरली जाते. डेबियन व उबंटूमध्ये ईटीसीच्या एमडीएडीएम फोल्डरात आणि रेड हॅट घराण्यात थेट ईटीसीमध्ये एमडीएडीएमची कॉन्फिगरेशन फाइल असते. तिच्यात जुन्या संचाची ओळ त्याच्या ओळखक्रमांकासह पडून असते. ती काढून नव्या संचाची ओळ घालावी, काय कुठे माउंट करायचे ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीतली जुनी नोंदही बदलावी. एवढ्याने भागत नाही, कारण संगणक सुरू होताना प्रथम वाचली जाते ती एमडीएडीएमच्या फाइलीची इनिटरामएफएस या सुरुवातीच्या प्रतिमेत बांधलेली प्रत. डेबियनमध्ये अपडेट-इनिटरामएफएस आणि रेड हॅटमध्ये ड्रॅकट चालवून ती प्रत ताजी केली नाही, तर नवा संच पुढच्या वेळी एमडी० ऐवजी एमडी१२७ या नावाने उठतो आणि एमडी० च्या भरवशावर लिहिलेली एफएसटॅबची ओळ त्याला शोधत राहते. माउंट करताना उपकरणाच्या नावाऐवजी फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांक वापरला तर संचाला कोणतेही नाव मिळो, काम चालते.